वाचकांचे प्रश्न : सिरफिड माशीची ओळख कुठवर पटते?

मागील अंकातील मित्रकीटकांवरच्या टिपणात सिरफिड माशीचा, म्हणजे जिला इंग्रजीत हॉवरफ्लाय म्हणतात तिचा, चार ओळींत ओझरता उल्लेख आला होता. त्या चार ओळींवर आलेली पत्रे पाहून या वेळचे सदर तिलाच देत आहे. एक खुलासा आधीच करतो. मराठी विश्वकोशाच्या वळणाने येथे ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी आणि ‘जाती’ हा शब्द स्पीशीजसाठी वापरला आहे. बोलताना आपण स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतो. परंतु या माश्यांच्या ओळखीतला बहुतेक घोळ नेमका या दोन पायऱ्यांमधला असल्यामुळे शब्द वेगळे ठेवणे भाग आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गच्चीवरच्या कुंड्यांत कोथिंबिरीला आणि तुळशीला फुले आली की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या लहान माश्या हवेत एका जागी स्थिर राहतात आणि मग अलगद फुलावर उतरतात. दोन महिन्यांत मोबाइलवर शे-सव्वाशे छायाचित्रे काढली. ती एका संकेतस्थळावर चढवली, तेव्हा एकाच माशीच्या तीन छायाचित्रांना तीन निरनिराळी नावे सुचवली गेली आणि त्यांतली एक जात तर युरोपातली निघाली. मी कशावर विश्वास ठेवावा? (एक वाचक, सासवड)

उत्तर : आपण तीनही नावांवर शंका घेतलीत, हे उत्तम झाले. आपोआप येणारी सूचना ही त्या यंत्रणेला शिकवलेल्या छायाचित्रांवर अवलंबून असते, आणि सिरफिड माश्यांची नावानिशी ओळखलेली छायाचित्रे युरोपातून आणि उत्तर अमेरिकेतून जितकी गेली आहेत तितकी आपल्याकडून गेलेली नाहीत. साहजिकच सासवडच्या गच्चीवरची माशी तिला परदेशातल्या ओळखीच्या माशीसारखी दिसते. ही सूचना वाट विचारताना भेटलेल्या परगावच्या माणसाने दाखवलेल्या दिशेइतकीच मानावी.

प्रथम ती माशी सिरफिडच आहे का, हे ठरवावे लागते. हवेत स्थिर राहणे हा पुरावा नव्हे; बॉम्बिलिडी कुलातल्या केसाळ माश्या तसेच करतात आणि भोंग्यांचे नरही तसे तरंगताना दिसतात. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना पंखांच्या दोन जोड्या असतात, तर माशीला एकच जोडी असते आणि दुसऱ्या जोडीच्या जागी बारीक मुठीसारखे संतोलक असतात. आपल्याकडची लहान फुलोरी मधमाशी दुरून फसवते, पण तिच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात, आणि कामकरी माशीच्या मागच्या पायांवर अनेकदा परागाचा गोळा दिसतो. सिरफिडच्या शृंगिका आखूड असतात आणि डोळे जवळजवळ सारे डोके व्यापतात. फळबागेतली फळमाशीही पिवळी-काळी असते. मात्र ती फळावर पंख पसरून चालते, आणि मादीच्या उदराचे टोक अंडी घालण्यासाठी अणकुचीदार झालेले असते.

खात्रीची खूण पंखात आहे. जवळजवळ सर्व सिरफिड माश्यांच्या पंखाच्या मधोमध, दोन लांब शिरांच्या मधून जाणारी आणि कोणत्याही शिरेला न मिळता विरून जाणारी एक घडीसारखी रेषा असते. तिला खोटी शीर म्हणतात. शिवाय पंखाच्या बाहेरच्या कडेजवळच्या आडव्या शिरा त्या कडेला समांतर वळलेल्या असतात. लुगड्याच्या काठाच्या आत दुसरा बारीक काठ विणावा, तसे ते दिसते. आपल्या छायाचित्रांपैकी ज्यांत पंख उजेडाकडे आहे ती मोठी करून पाहिलीत, तर या दोन्ही खुणा मोबाइलच्या पडद्यावरही सापडतील.

येथवर आले की कुल ठरले. जगात या सिर्फिडी कुलाच्या 6,000 हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि भारतीय उपखंडातून 350 हून अधिक जातींची नोंद आहे. आकडा छाती दडपवणारा असला, तरी कोथिंबिरीवर येणाऱ्या माश्या बहुधा मोजक्याच प्रजातींतल्या असतात. उदराच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर मागच्या बाजूला एक रुंद काळा पट्टा आणि त्याच्या पुढे मिशीसारखी दुसरी बारीक काळी रेघ दिसली, तर ती एपिसिर्फस. वक्षाच्या दोन्ही कडांना स्वच्छ पिवळी किनार असेल, तर इस्किओडॉन, स्फिरोफोरिया किंवा अ‍ॅलोग्रॅप्टा यांपैकी काही असू शकते, आणि या तिघींत नवखे लोकच काय, अनुभवीही घाईत चुकतात. इस्किओडॉनच्या नराच्या मागच्या पायाच्या अगदी मुळाशी काट्यासारखा लांब उंचवटा असतो. स्फिरोफोरियाचा नर सडपातळ असून त्याच्या उदराच्या टोकाला ठसठशीत गोळा असतो. अर्थात या खुणा वरून काढलेल्या छायाचित्रात दिसत नाहीत, बाजूने काढलेल्यात दिसतात.

जेमतेम 4 ते 6 मिलिमीटरची काळसर माशी, जिच्या डोळ्यांवर पांढुरक्या लवीचे उभे पट्टे आहेत, ती पॅरागस. जाडसर बांध्याची, मधमाशीची आठवण देणारी आणि डोळ्यांवर ठिपके असलेली माशी एरिस्टॅलिनस प्रजातीतली असते. तिच्या पंखातली एक लांब शीर मधेच खाली खोल वळण घेते. याच प्रजातीतल्या टीनिऑप्स या जातीच्या डोळ्यांवर ठिपक्यांऐवजी उभे पट्टे असतात, आणि ती एकदा पाहिली की विसरत नाही. पंखाच्या मध्यावर रुंद गडद पट्टा असलेली डिडिऑप्सिस एग्रोटा हीदेखील छायाचित्रावरून नावासकट ओळखता येणारी मोजक्या जातींतली एक आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तीन नावांचे कारण माशीच्या रंगातही असू शकते. एपिसिर्फस बाल्टिएटस या जातीत कोषावस्थेच्या काळात थंडी असेल, तर बाहेर येणाऱ्या माशीच्या उदरावरचा काळा भाग वाढतो, आणि उबेत वाढलेली माशी अधिक पिवळी-नारिंगी निघते. म्हणजे ऑक्टोबरातली माशी आणि जानेवारीतली माशी शेजारी ठेवल्या, तर दोन जाती वाटाव्यात इतका फरक पडू शकतो. रंग हीच सर्वांत आधी नजरेत भरणारी आणि सर्वांत बेभरवशाची खूण आहे. नक्षीची मांडणी, पंखांतल्या शिरा, चेहऱ्याचा आकार आणि पायांची ठेवण यांवर भर द्यावा.

त्यासाठी एका माशीची निदान चार छायाचित्रे हवीत. पहिले सरळ वरून, दुसरे बाजूने, तिसरे समोरून चेहऱ्याचे, आणि चौथे पंख पसरलेला असतानाचे. शंभर माश्यांचे प्रत्येकी एक छायाचित्र काढण्यापेक्षा पंचवीस माश्यांची प्रत्येकी चार काढलेली कितीतरी अधिक उपयोगी पडतात. गणित तेच, फळ निराळे. सकाळी ऊन चढण्याआधी माश्या सुस्त असतात तेव्हा हे जमते. समोरून काढलेल्या छायाचित्रात दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले दिसले, तर तो बहुतेक प्रजातींत नर असतो. मध्ये फट असेल, तर मादी. काही प्रजातींत नराचेही डोळे अलग असतात, तरीही ही नोंद करून ठेवावी, कारण पुढे ओळख पटवणारा तज्ज्ञ पहिला प्रश्न नर की मादी हाच विचारतो.

आणि हे सारे करूनही निम्म्याहून अधिक वेळा आपल्याला प्रजातीपाशीच थांबावे लागेल. पॅरागस आणि स्फिरोफोरिया यांच्या अनेक जाती नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून वेगळ्या करता येत नाहीत. छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी त्यात नसलेली खूण ते दाखवू शकत नाही. अशा वेळी नोंदीत ‘पॅरागस, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. ही नोंद पूर्ण आहे आणि बरोबर आहे. ‘पॅरागस सेराटस’ असे अंदाजाने लिहिले, तर ती कदाचित बरोबर निघेलही, पण ती बरोबर आहे की नाही हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. आपण शिक्षिका होतात. उत्तरपत्रिकेत पायऱ्या न दाखवता आलेल्या बरोबर उत्तराचे काय करावे, हा प्रश्न आपल्याला नवा नसावा.

प्रश्न : करडईवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला आहे. त्या माव्यात हिरवट-तपकिरी, बिनपायांच्या, जळवेसारख्या अळ्या फिरताना दिसतात. कृषी विभागाच्या एका पत्रकात ही सिरफिड माशीची अळी असून फवारणी टाळावी असे वाचले होते. ते खरे आहे का, आणि अळीवरून जात ओळखता येते का? (एक शेतकरी वाचक, सांगोला)

उत्तर : खरे आहे. एक टोक निमुळते, दुसरे बोथट, डोके वेगळे न दिसणारे, अशी ती अळी माव्याचा किडा तोंडाने उचलून अधांतरी धरते आणि शोषून रिकामे कातडे टाकून देते. एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत माव्याचे शेकडो किडे फस्त करू शकते. ढालकिडा आणि क्रायसोपा यांच्याबरोबरीने तिची गणना मित्रकीटकांत होते ती यामुळेच. सर्वच सिरफिड अळ्या मावा खातात असे मात्र नाही. वर आलेल्या एरिस्टॅलिनसच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यातल्या किंवा गटारातल्या सडक्या पाण्यात राहतात आणि शेपटीसारखी लांब नळी पृष्ठभागावर आणून श्वास घेतात.

अळीवरून जात ओळखणे आपल्याकडे अवघड आहे, पण तिला वाढवून माशी मिळवणे अगदी सोपे आहे, आणि हौशी निरीक्षकाच्या हातून होण्यासारखे याहून मोलाचे काम मला दुसरे दिसत नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी, तळाशी टिपकागद घालावा, मावा असलेली करडईची डहाळी आणि एकच अळी ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. एकच अशासाठी, की मावा संपला तर या अळ्या एकमेकींना खातात. डहाळी रोज बदलावी. काही दिवसांनी अळी पानाला किंवा काचेला चिकटून थेंबाच्या आकाराचा कोष करते आणि हवामानानुसार आठवडाभराने किंवा थोड्या अधिक दिवसांनी माशी बाहेर येते. बाहेर येताच छायाचित्र काढण्याची घाई करू नये. नव्या माशीचे रंग फिके असतात आणि ते पक्के व्हायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशी वर सांगितलेली चार छायाचित्रे काढून तिला करडईतच सोडून द्यावे. बांधावरच्या रुईवर पिवळा मावा असतो, तेथेही अशा अळ्या मिळतात, आणि एकाच शेतात करडईवर कोणती माशी आणि रुईवर कोणती, अशी तुलना आपल्याला सहज करता येईल.

कधीकधी कोषातून माशीऐवजी एक बारीक, काळी-तांबडी गांधीलमाशी निघते. प्रयोग फसला असे समजू नये. डिप्लाझॉन लेटॅटोरियस ही परजीवी गांधीलमाशी सिरफिडच्या अंड्यात किंवा लहान अळीत आपले अंडे घालते आणि यजमानाचा कोष तयार झाल्यावर त्यातून स्वतः बाहेर पडते. तिचेही छायाचित्र काढावे. कोणत्या पिकावर, कोणत्या माव्यात, कोणत्या तारखेला अळी मिळाली आणि कोष फोडून काय निघाले, ही ओळ वहीत असेल तर ती कोणत्याही सुंदर छायाचित्राहून वरचढ आहे.

प्रश्न : प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. छायाचित्रावरून जात ठरत नसेल तर माश्या मारून टाचणीला लावणे योग्य आहे का? घरी आईला हे मुळीच पसंत नाही. (एक विद्यार्थी वाचक, कुडाळ)

उत्तर : आपल्या आईंचा आक्षेप मला गैर वाटत नाही, आणि तो मनात ठेवूनच नमुने घ्यावेत, म्हणजे आपोआप कमी घेतले जातात. ज्या प्रजातीत जननेंद्रिये पाहिल्यावाचून जात ठरत नाही, तेथे एखादा नर पुरतो. एपिसिर्फस पकडून टाचणीला लावण्यात काही अर्थ नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत, आणि ‘माशीच तर आहे’ हे उत्तर वनरक्षकाला देऊ नये. स्वतःच्या आवारात किंवा मालकाच्या संमतीने बागेत काम करावे.

पकडलेली माशी आधी जिवंतपणी टिपावी आणि मग छोट्या डबीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. टाचणी वक्षात मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडून घालावी, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. नराचे उदराचे टोक माशी मऊ असतानाच सुईने थोडे बाहेर ओढून ठेवावे, कारण वाळल्यावर ते करणे म्हणजे नमुना मोडणे होय. कोकणातल्या दमट हवेत पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या नाहीत, तर एका पावसाळ्यात सगळ्यावर बुरशी चढते. माझा पहिला संग्रह असाच गेला. पण त्याचे मला आज वाईट वाटते ते निराळ्याच कारणाने : निम्म्या टाचण्यांना चिठ्ठीच नव्हती, त्यामुळे बुरशी चढली नसती तरी तो संग्रह कोणाच्या कामाचा नव्हता.

चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, कोणी पकडली आणि कोणत्या फुलावर, एवढे हवेच. तारीख 5/11 अशी लिहू नये, कारण ती पाच नोव्हेंबर की अकरा मे, हे दहा वर्षांनी आपल्यालाही सांगता येणार नाही. जुन्या संग्राहकांची महिना रोमन आकड्यात लिहिण्याची रीत यासाठीच होती. ठिकाणाच्या बाबतीत नुसते ‘वडगाव’ लिहिले, तर महाराष्ट्रातले कोणते वडगाव, हा शोध माशीच्या ओळखीपेक्षा अवघड ठरेल. तालुका, जिल्हा आणि अक्षांश-रेखांश लिहावेत. संग्रह वाढला, तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. नमुने नेण्यापूर्वी तेथे पत्रव्यवहार करावा.

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. येथे या माश्यांच्या नोंदी ठेवणारी योजना 1976 पासून चालू आहे आणि त्यात बहुतेक हौशी लोकच आहेत. महाराष्ट्रात असे काही का नाही? सुट्टीत गावी येतो तेव्हा मी काय करू शकतो? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमध्ये 280 हून थोड्या अधिक जाती आहेत आणि त्यांच्यासाठी हौशी माणसाला वापरता येतील अशा सचित्र ओळखपुस्तिका आहेत. आपल्याकडे या कुलाचा सविस्तर ग्रंथ म्हणून आजही ब्रुनेटी यांच्या 1923 च्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतल्या खंडाकडे जावे लागते. तो ग्रंथ अजूनही उपयोगी आहे, पण मधल्या शतकात अनेक नावे बदलली आहेत. ज्या माशीचे वर्णन स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ डी गिअर याने 1776 मध्ये केले, ती जुन्या लिखाणात सिर्फस बाल्टिएटस म्हणून भेटते आणि आज एपिसिर्फस बाल्टिएटस आहे. जुन्या ग्रंथातले नाव नोंदीत घालण्यापूर्वी आजचे नाव शोधावे लागते.

सुट्टीतल्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट किंवा 2008 मध्ये सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही दोन्ही संकेतस्थळे योग्य आहेत. आयनॅचरलिस्टवर किमान दोन ओळखी आणि त्यांत दोनतृतीयांशांहून अधिक सहमती झाली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरते आणि परवाना अनुकूल असल्यास जीबीआयएफ या जागतिक भांडारात जाते. म्हणूनच मित्राने चढवलेल्या नोंदीला मैत्रीखातर होकार देऊ नये. दोन अंदाज मिळून एक पुरावा होत नाही, पण भांडारात तो पुरावा म्हणूनच जाऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या छायाचित्रातून ठिकाणाची माहिती गळून पडते, तेव्हा भावाने गावाहून पाठवलेले छायाचित्र त्यालाच थेट चढवायला सांगावे.

याहून एक गोष्ट अधिक सुचवतो. गावातली अर्ध्या तासाची एक वाट निवडावी, शक्यतो बांधावर एकदांडी फुललेली असेल अशी, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच वाटेने चालून दिसलेल्या सर्व सिरफिड माश्या मोजाव्यात. जात कळली नाही, तर प्रजातीवार मोजाव्यात. एकही दिसली नाही, तर वहीत शून्य लिहावे आणि आकाश, वारा व जवळपास फवारणी झाली होती का हेही लिहावे. ते शून्य लिहिण्याचा कंटाळा जवळजवळ सर्वांना येतो, आणि पाच वर्षांनी माश्या कमी झाल्या का, असे कोणी विचारले तर उत्तर द्यायला तेच लागते.

प्रश्न : हिला चांगले मराठी नाव नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सिरफिड माशी’ रुळले आहे, आणि रुळलेले नाव चांगलेच म्हणायचे. वहीत आपण हवे ते नाव ठेवावे. मी स्वतः कित्येक वर्षे डिडिऑप्सिसला ‘पट्टेवाली’ म्हणत आलो आहे. मात्र नोंद चढवताना शास्त्रीय नाव लिहावे, आणि ते जेथवर खात्रीचे असेल तेथवरच लिहावे.